मोटर उशिरा येते

काकासाहेबांच्या शेतातल्या हिरव्या जाळीच्या शेडनेटमधून मी बाहेर पडले, तेव्हा भादव्यातली एक सर नुकतीच येऊन गेली होती. मातीच्या चढावरून पाण्याच्या बारीक धारा वाहत होत्या आणि नेमका चढाच्या मध्यात एक टेम्पो उभा होता. शेजारी एक उंच पोरगा सोलर पॅनलचं रिकामं खोकं छातीशी धरून वाट अडवून उभा. मला सायकल थांबवून पाय टेकावा लागला.

तो थोडा बाजूला सरकला. "निघा मॅडम, निघा. भरपूर जागा हाय."

त्याला काय ठाऊक, चढावर थांबून पुन्हा निघणं हेच तर माझं दुखणं होतं!

माझी सायकल बॅटरीची. डोंगरात चालवायची, जाड टायरांची. पायडल मारलं की चाकातली मोटर मदतीला येते... म्हणजे यायला पाहिजे. माझी मोटर मात्र मनाला येईल तेव्हा यायची. कॉलेजात मी सायकलच्या शर्यती मारायचे. एका शर्यतीत पडले आणि डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालव, पण निघताना गुडघ्यावर जोर नको. म्हणून तर ही सायकल घेतली. जालन्याच्या एका बियाणं कंपनीसाठी भोकरदनला घरी राहून आसपासचे मिरचीचे प्लॉट बघत मी तिच्यावर हिंडायचे. आणि निघतानाचा जोर नेमका माझ्याच वाट्याला!

पायडल दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. गुडघ्यात कळ आली, सायकल मागे सरकली... मी दात खाऊन आणखी जोर लावला आणि मग मोटरला एकदम आपल्या नोकरीची आठवण झाली.

"ओ मॅडम! ब्रेक, ब्रेक!"

मी सरळ त्या खोक्यात घुसले. पुठ्ठा फाटला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो, आणि मधल्या भोकातून आम्ही एकमेकांकडे बघत होतो. त्याच्या भुवईवर चिखलाचा ठिपका उडाला होता.

"तुम्ही कशाला मधात उभे राह्यले?" मी उलट त्याच्यावरच चढले.

"मी तर कवाचा उभा हाय." तो हसला. "तुम्हीच आत्ता आल्या... आणि लई जल्दीत आल्या."

मला हसू आलं, पण गुडघ्यानं ते पुरं होऊ दिलं नाही. मी कळवळून खाली बसले. त्याचं हसणं तिथंच थांबलं. मला पाण्याची बाटली देऊन तो सायकलजवळ उकिडवा बसला, चाक उचललं आणि हातानं पायडल फिरवून बघू लागला.

"मोटर उशिरा जागी होऊन राह्यली हिची."

"जिथून घेतली तो दुकानदार म्हणतो, या सायकली अशाच असतात."

"असं कसं असंल? माझं भोकरदनलाच दुकान हाय. सोलरचं, मोटरीचं. घेऊन या एकदा. राजानंद नाव माझं."

"मी अक्षता."

"बरं झालं सांगितलं. न्हाईतर मी खोक्यातल्या मॅडम म्हणलो असतो."

* * *

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या दुकानात गेले. मला घाई होती. गुडघा सुजलेला बघून आईनं सायकल विकायचा हट्टच धरला होता. अंबडला तिच्या ओळखीतले सर्जेराव सर राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले, फिरायला अशीच सायकल शोधत होते. रविवारपर्यंत त्यांना हो की नाही ते कळवायचं होतं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. "स्कूटी घे म्हणते आई."

"मंग घ्या की."

"स्कूटीवर बसलं की मी फक्त पोचते," मी म्हटलं. "सायकलवर मला... माझं शरीर परत मिळतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा डोंगर चढले ते हिच्यावर."

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.  त्यानंतर त्यानं सायकलला हात लावला तो वेगळ्याच हळुवारपणे.

आधी त्यानं डिस्प्लेमधली सेटिंग बदलली. पायडल जरासं हललं तरी मोटरनं निघावं अशी. मग मोठ्या ऐटीत स्वतःच सायकलवर बसला.

"बघा आता..."

त्यानं पायडलवर नुसता पाय ठेवला आणि सायकल त्याला घेऊन सुटली! दुकानासमोरच्या कडब्याच्या गंजीत तो कमरेपर्यंत गेला. मी पोट धरून हसले. इतकी हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. तो केसांत अडकलेलं कडब्याचं कुटार झटकत बाहेर आला.

"हसा, हसा. पण मोटर बराबर टायमाला आली का न्हाई?"

"टायमाच्या आधी आली."

सेटिंग परत पहिल्यासारखी केली. मग तो मागचं चाक बघत बसला आणि मी पायडल फिरवत राहिले. फिरवता फिरवता मला एक गोष्ट जाणवली. खरं तर माझ्या पायांना ती आधीच माहीत होती, मीच लक्ष दिलं नव्हतं.

"राजानंद, उजवा पाय वर घेऊन निघालं की मोटर लवकर येते. डावा वर असला की उशीर."

"असं कसं?"

"बघ ना."

त्यानं बघितलं. तोंडातला स्क्रू-ड्रायव्हर काढून माझ्याकडे बघितलं. मग पायडलच्या मागची चकती उघडली. तिथं चुंबकांची एक रिंग असते. पायडल फिरतंय हे मोटरला तिच्यावरून कळतं. आमची रिंग एका बाजूला तडकली होती आणि तिथले चुंबक कुठल्या तरी रस्त्यावर गळून पडले होते. डावा पाय वर असला की तीच रिकामी बाजू आधी यायची.

"सापडलं!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो. माझा हात त्याच्या हातावर पडला होता. काळ्या ग्रीसनं माखलेला हात... मी तो काढून घेतला, पण लगेच नाही.

नवी रिंग संभाजीनगरहून मागवायची ठरली. सायकल दुकानातच राहिली. मी रोज संध्याकाळी काम आटोपून जायचे. "आली का?" विचारायचे. तो म्हणायचा, "न्हाई अजून," आणि चहा सांगायचा. बाहेर पाऊस रिमझिमत असायचा, टपरीवरून आल्याचा वास यायचा. तो सोलर पंप बसवायला गेलेल्या गावांच्या गमती सांगायचा, मी मिरचीच्या फुलांना हातानं पराग कसे लावतात ते सांगायचे.

"लई नाजूक काम दिसतंय," तो म्हणाला.

"हो. जोर लावला की फूलच तुटतं."

"मंग मला न्हाई जमायचं."

"तू शिकशील," मी म्हटलं. त्याला तू म्हणायला मी कधी सुरुवात केली, तेही मला आठवत नव्हतं.

* * *

शनिवार उजाडला तरी रिंग आली नव्हती. दुपारी मी जड मनानं सर्जेराव सरांना फोन करून होकार देऊन टाकला. संध्याकाळी दुकानात गेले.

"उद्या सर सायकल न्यायला येतील," मी सांगितलं. "तू पुष्कळ केलंस. नशिबातच नव्हती."

राजानंदचा चेहरा पांढरा पडला. तो उठला, कपाटाचा खण उघडला आणि एक छोटं पाकीट माझ्यासमोर ठेवलं. आत नवी कोरी रिंग होती.

"परवाच आल्ती," तो खाली बघत म्हणाला.

"परवा? आणि मला रोज न्हाई-न्हाई सांगत होतास? का?"

त्यानं सायकल पुढ्यात ओढली. रिंग बसवायला घेतली.  मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. काम झालं तशी सायकल ओढून घेतली.

"मॅडम, ऐका तरी..."

"तुम्ही काही सांगू नका."

रागानं पायडलवर पाय ठेवला, तोही डावाच. आणि मोटर आली! धक्का नाही, वाट बघणं नाही, अगदी माझ्या पावलाबरोबर. बाजारपेठेचा चढ मी गाण्यासारखा चढले. इतका आनंद झाला आणि तो दाखवायला मागे वळून बघायची सोय नाही! चढ संपेपर्यंत मी रडत होते.

* * *

सरांना शब्द दिला होता, म्हणून रविवारी मी सायकल धुवून, पुसून अंगणात उभी केली. सरांची वाट बघत होते, तर त्यांचा फोनच आला. हाताला पाणी होतं म्हणून मी स्पीकरवर टाकला. शेजारी अंगणातल्या चुलीपाशी आई भाकरी थापत होती.

"अक्षता, अगं एक पोरगा सकाळच्या पहिल्या गाडीनं भोकरदनहून इथं आलाय. माझ्या ओट्यावर बसलाय. म्हणतो, सर, सायकल नेऊ नका, ती नीट झालीय आन तिच्याबिगर त्या पोरीचं काही खरं न्हाई. म्हणतो, पार्ट आल्ता तरी मीच लपवला. मी इचारलं, का रे बाबा? तर म्हणतो..."

सर खोकले.

"म्हणतो, सायकल नीट झाली असती तर ती परत आली नसती, आन मला ती लई आवडती. आता सांग पोरी, असली सायकल मी कशाला नेऊ?"

आईची भाकर तव्यावर करपली.

* * *

अंबडहून जालनामार्गे येणारी बस आली तेव्हा भोकरदनच्या स्टँडवर उन्हात पाऊस पडत होता. राजानंद पायरीवर आला, मला सायकलसकट उभी बघून तिथंच थबकला.

"उतरा भाऊ, का परत जायचंय?" मागून कंडक्टर ओरडला.

तो उतरला. "तुम्ही... इथं कशा?"

"सरांचा फोन आला होता. सगळं सांगितलं त्यांनी. स्पीकरवर. आईसमोर."

त्यानं डोळे मिटून घेतले. "मंग मी याच बसनं वापस जातो."

"जा. पण आधी जे सरांना सांगितलंस ते मला सांग. एवढी गोष्ट मला एका म्हाताऱ्या मास्तरांच्या आवाजात ऐकावी लागली, राजानंद."

पाऊस त्याच्या पापण्यांवर साचत होता. त्यानं तो पुसला नाही.

"रिंग लपवली ते चुकलंच माझं. तुझी सायकल जाणार होती, हे ठाऊक असून मी..." तो थांबला. "पण तू दारात येऊन 'आली का' म्हणायचीस, तवा माझा दिवस सुरू व्हायचा. तू मला लई आवडतीस, अक्षता. बस. झालं सांगून."

"तुझ्या दुकानाचा नंबर होता माझ्याकडे," मी म्हटलं.

"मंग?"

"रिंग आली का, हे फोनवरही विचारता आलं असतं."

त्याला समजायला क्षणभर लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं, ते बघून शेजारची पेरू विकणारी बाईसुद्धा हसायला लागली.

"आईनं जेवायला बोलावलंय," मी सांगितलं.

"चिडल्या न्हाईत ना?"

"चांगलीच चिडलीय. म्हणूनच बोलावलंय."

त्यानं कॉलर नीट केली आणि सायकलचं हँडल धरलं. मीही सोडलं नाही. सायकलवर बसून जायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. एकाच हँडलवर हात ठेवून, भर बाजारातून, भिजत, आम्ही घराकडे चालत निघालो. ओळखीचे लोक थांबून बघत होते.

"लोकं बघून राह्यले," तो हळूच म्हणाला.

"बघू दे," मी म्हटलं, आणि त्याच्या बोटांवर माझी बोटं घट्ट मिटली.