दोन माईकची डबी

पेटीची पट्टी दाबली. आवाज नाही. दुसरी दाबली, तरी नाही. मग मी पाची बोटं एकदम आपटली... तेवढ्या थंडगार, काचेच्या दुकानात नुसती टकटक, भिंतीवर पाल चुकचुकावी तशी.

“पोरी, ही मेलेली हाय,” मी दुकानातल्या मुलीला म्हणाले. “मेलेला माल काचंत सजवून ठेवलाय व्हय?”

मी कुठलीच वस्तू बघून घेत नाही. मडकं वाजवून घेते, तांदूळ चावून घेते. खानावळ चालवून दोन पोरं मोठी केली ती अशीच. तिसरी शिकलेली बाई म्हणून मला कुणी फसवावं आणि सुखानं घरी जेवायला जावं, असं कोल्हापुरात अजून झालेलं नाही. विहारात मी गाते, जयंतीला गाते, शब्दही माझेच असतात. ती गाणी घरच्या घरी रेकॉर्ड करायची असं माझ्या सुनेनं, दीप्तीनं, मनावर घेतलं होतं. ती म्हणत होती, सामान ऑनलाइन मागवू. मी म्हणाले, हात लावल्याशिवाय मी भेंडी घेत नाही. म्हणून आम्ही दोघी बिंदू चौकाच्या मागच्या त्या दुकानात उभ्या होतो.

दुकानातली मुलगी, मोना तिचं नाव, काही सांगणार इतक्यात पलीकडच्या स्टुलावर बसलेला माणूस हसला. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, पिकलेल्या मिशा आणि कानांवर हेडफोन. मी त्याला दोन शब्द सुनावणारच होते. पण त्यानं हेडफोन उतरवला, त्याची वायर माझ्या त्या मेलेल्या पेटीशेजारच्या डबीत खुपसली आणि माझ्यापुढं धरला.

“पदर जरा मागं सारा,” तो म्हणाला. “आता दाबा.”

का ऐकलं त्याचं, कोण जाणे. दाबली... आणि बासरी. इतक्या जवळून, की कुणी कानाशी येऊन आपलं नाव घ्यावं. मी दचकून दुसरी पट्टी दाबली, तिसरी दाबली. कान झाकलेले असले की आपण किती मोठ्यानं बोलतो ते कळत नाही. “अगं बया, ही तर जित्ती हाय,” असं मी म्हणे एवढ्यानं ओरडले की बाहेर रस्त्यावरचा रिक्षावालासुद्धा वाकून बघायला लागला.

हेडफोन काढला तर सगळं दुकान माझ्याकडं वळलेलं. दीप्ती ओठ चावून छताकडं बघत होती. माझे कान तापले. हेडफोननं तापले असतील, असं मी मनाला सांगितलं.

त्या माणसाचं नाव भाऊसो. गाव नेसरी. नोकरी पाटबंधाऱ्यात झाली, पण तरणेपणी ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवायचे. बायको जाऊन बरेच दिवस झालेले, मुलगी पुण्यात. रोज दुपारी इथं येऊन बसायचे आणि नवीन आलेलं प्रत्येक यंत्र वाजवून बघायचे. विकत काही घेत नसत, तरी मोना त्यांना उठवत नसे.

त्यांनी समजावून सांगितलं की या कीबोर्डच्या पोटात सूर नसतात. नुसत्या पट्ट्या. सूर सगळे कॉम्प्युटरात, आपण इथून फक्त सांगायचं.

“म्हंजे बोटं हिची अन् गळा दुसऱ्याचा,” मी म्हणाले.

“व्हय की. जोडी जमली तर आवाज... न्हाय तर टकटक.”

असं म्हणताना ते माझ्याकडं बघत नव्हते, पट्ट्यांकडं बघत होते. मला मात्र उगाच पदर सावरावासा वाटला.

मला सगळ्यांत लांब कीबोर्ड हवा होता. घ्यायचा तर गल्लीला दिसला पाहिजे. भाऊसो म्हणाले, ठेवणार कुठं? शिलाई मशीनच्या टेबलावर, मी म्हणाले, आणि टेबल माझ्या वितीत मला पाठ होतं. मी मधल्या लांबीच्या कीबोर्डवर वीत टाकत निघाले. शेवटी थोडी जागा उरली, तिथं त्यांनी आपली वीत ठेवली. माझी करंगळी, त्यांचा अंगठा... मध्ये एक काळी पट्टी.

“बसतंय बगा,” ते म्हणाले.

आता राहिली डबी. माईकचा आवाज कॉम्प्युटरात नेते ती डबी, तिला मोना इंटरफेस म्हणत होती. दोन होत्या, एक माईक लागणारी आणि दोन माईक लागणारी. भाऊसो म्हणाले, दोनवाली घ्या, कधी कुणी झील धरायला आलं तर? गाणाऱ्याची ओळ मागून उचलणारा म्हणजे झीलकरी, हे मला सांगायला नको. माझा नवरा झील धरायचा. तो गेल्यावर मी कुणाला मागं उभं राहू दिलं नव्हतं.

“मला झील लागत न्हाय,” मी म्हणाले. “मी एकटीच गाते.”

जरा जास्तच ताठ बोलले असेन. त्यांनी दोनवाली डबी परत ठेवली. मी एक माईकची डबी घेतली.

घरी सगळं जोडून द्यायला त्यांना दीप्तीनं बोलावलं. दीप्तीनं. मी नाही.

ते आले. आमच्या मागच्या खोलीत आवाज घुमतो म्हणून त्यांनी भिंतीला वाकळा टांगायला सांगितल्या. माझ्या जुन्या साड्यांच्या वाकळा, मीच शिवलेल्या. घडी घालून ठेवलेलं माझं सगळं आयुष्य भिंतीला टांगलं गेलं आणि परका माणूस चष्मा लावून ते बघत बसला. पण घुमणं थांबलं. मी गायला लागले की खोली आपण होऊन जवळ येई.

मग ते येतच राहिले. मी गायची, ते कीबोर्डवर साथ करायचे, दीप्ती लॅपटॉप सांभाळायची. उसाचे दिवस होते. दर थोड्या वेळानं एखादा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून रस्त्यानं जायचा आणि आमचं रेकॉर्डिंग थांबायचं. आधी मी त्या ट्रॅक्टरवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरायची. पुढं पुढं... ट्रॅक्टर कधी येतो, याची मी वाट बघायला लागले. तो जाईपर्यंत गप्पा मारता यायच्या.

एकदा असाच ट्रॅक्टर आला. दीप्ती चहा ठेवायला आत गेली. भाऊसो वाकळेकडं बघत होते.

“ही हिरवी कधीची?”

“पोरं शाळंत गेली तवाची. स्वतःच्या कमाईची पहिली साडी.”

“नेसल्यावर कशी दिसत असशीला...”

“वाकळंत गेलेली साडी परत नेसत न्हाईत, भाऊसो.”

“पण उबंला तर येती की.”

ट्रॅक्टर लांब गेला होता. त्यांच्या बोटांत वायर होती, तिचा ते उगाच वेढा घालत होते, सोडत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “उद्या येणार न्हवं? तुमी न्हाय आलासा की... माझी दुपार सरत न्हाय.”

तेवढंच. मग मी पदर तोंडावर घेतला, सोळा वर्षांच्या पोरीसारखा. त्यांनी नुसती मान हलवली आणि माझ्याच गाण्याची ओळ हळू गुणगुणली. पुढं चहा आला, गाणं झालं.

माझा मुलगा, दीप्तीचा नवरा सूरज फौंड्रीतून घरी आला तेव्हा भाऊसो वायरी गुंडाळत होते. शेजारची बाळाबाई विरजण मागायला आली होती, वाटी हातात घेऊन दारात टेकली होती. दीप्ती कौतुकानं म्हणाली, आजचं गाणं ऐका, आत्तींनी, म्हणजे मी, काय सूर लावलाय. आणि स्पीकर लावला.

आधी ट्रॅक्टर ऐकू आला.

मला काही कळेना. दीप्ती चहाला गेली तेव्हा रेकॉर्डिंग बंदच करायची विसरली होती. आणि तो माईक मेला असा, की मुंगी चालली तरी टिपून घेईल. ट्रॅक्टर लांब गेला. हिरवी साडी आली. मग एका बाईचा आवाज आला, ओला, हळू, जरा कापणारा... तुमी न्हाय आलासा की माझी दुपार सरत न्हाय.

तो आवाज माझ्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता. मीसुद्धा नाही. या घरानं माझा आवाज ऐकला होता तो भाकरी करपली म्हणून, मीठ जास्त पडलं म्हणून. दीप्तीचा हात बटणाकडं गेला तोवर व्हायचं ते झालं होतं. सूरज फरशीकडं बघत होता. बाळाबाईनं वाटी तोंडापुढं धरली होती, पण तिचे खांदे हलत होते.

जमीन फाटावी म्हणतात ना, तसं झालं. आणि माझं तोंड... ते माझ्या आधी चालतं.

“पेटी वाजवायला आलायसा, तेवढं वाजवा अन् वाटंला लागा,” मी भाऊसोंना म्हणाले. “रिकामटेकड्या म्हाताऱ्यांना बसायला ही चावडी न्हवं.”

त्यांनी वायरीची गुंडाळी पुरी केली. हेडफोन पुसला, पट्ट्यांवर नीट ठेवला. “बरं,” म्हणाले. चपला घातल्या आणि गेले. मान वर करून सगळ्यांना गप्प करणारी मी, त्यांच्या पाठीकडंही मला बघवलं नाही.

लाज दोन तऱ्हेची असते, हे मला त्या आठवड्यात कळलं. एक चारचौघांत येते. ती अंगावर येते, तापवते आणि उतरते. दुसरी कुणी नसताना येते आणि पोटात बसून राहते. प्रेमाची लाज पहिल्या जातीची होती. भाऊसोंना तोडून बोलले त्याची लाज दुसऱ्या. भाकरी थापताना, अंगण झाडताना, विहारात वंदनेला बसल्यावरसुद्धा मला तो पुसून ठेवलेला हेडफोन दिसायचा.

ते आले नाहीत. ट्रॅक्टर येत होते. सूरज जेवताना माझ्या ताटात बघायचा, तोंडाकडं नाही. मी एकटी माईकपुढं उभी राहिले तर ओळीच्या शेवटी गळा थांबायचा, जिन्याची एक पायरी कुणी काढून नेल्यासारखा.

शेवटी मी दीप्तीला म्हणाले, ते त्या दिवशीचं गाणं लाव, सूर कुठं चुकला बघते. तिनं माझ्याकडं न बघता हेडफोन दिला. मी ऐकलं. ट्रॅक्टर ऐकला, माझा निर्लज्ज आवाज ऐकला. मग गाणं सुरू झालं. आणि मागून, फार लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा... दुसरा एक आवाज. माझी प्रत्येक ओळ संपली की ती उचलणारा. भाऊसो झील धरत होते. नुसत्या त्या दिवशी नाही. दीप्तीनं मागची गाणी लावली, सगळ्यांत ते होते. त्यांच्यापुढं माईक नव्हता आणि गाताना माझे कान हेडफोननं झाकलेले, म्हणून मला कधी ऐकू आलं नव्हतं. तो मीच घेऊ दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी डबी पिशवीत घातली आणि दुकानात गेले. स्टूल रिकामं होतं. मोनानं विचारलं, आजी, बिघडली का?

“बिघडली न्हाय. दोन माईकची दे. अन् एक माईक.”

“का, काय झालं?”

माझे कान पुन्हा तापले, आणि आता हेडफोनही नव्हता. “माणसं वाढली,” मी म्हणाले. ती हसली नाही. तिनं स्टुलाकडं बघितलं आणि डबी बदलून दिली.

घरी आले. दीप्तीनं दुसरा माईक माझ्या माईकशेजारी उभा केला. सूरज सुट्टीवर होता, तो दारात येऊन थांबला. त्याला आत जा म्हणावं असं जिभेवर आलं होतं. म्हणाले नाही.

“लाव रेकॉर्डिंग,” मी दीप्तीला सांगितलं.

“गाणं कुठलं, आत्ती?”

“गाणं न्हवं.”

लाल दिवा लागला. मी पोराकडं पाठ केली, वाकळेतल्या हिरव्या तुकड्याकडं तोंड केलं.

“भाऊसो, मी पारू बोलतीया. त्या दिशी लोकांम्होरं बोलले ते खोटं. त्याच्या आदी बोलले ते खरं. दुसरा माईक आणलाय... तुमच्या उंचीचा लावलाय. लाज वाटतीया मला, पर यावा.”

दीप्तीनं ते भाऊसोंच्या मोबाइलवर पाठवलं. मी भांडी घासायला बसले. स्वच्छ होती, तरी घासली.

दुपार कलली तेव्हा सूरजच बाहेरून आला आणि म्हणाला, “आई, पावणं आल्यात.” त्याच्या मागं ते उभे होते, त्याच पांढऱ्या शर्टात, चपला हातात घेऊन, आत यावं की नाही या विचारात. सूरजनं त्यांच्या हातातल्या चपला घेतल्या आणि आमच्या चपलांच्या रांगेत ठेवल्या. माझ्याकडं बघून तो त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसला. मला रडू येईल म्हणून मी दीप्तीवर खेकसले, वायर सरळ कर.

आम्ही आपापल्या माईकपुढं उभे राहिलो. कानांवर हेडफोन. दीप्ती म्हणाली, आवाज तपासायचाय, दोघांनी कायतरी बोला.

ते खाकरले. ते खाकरणंसुद्धा माझ्या दोन्ही कानांत आलं, बासरी आली होती तितक्या जवळून.

“एक हिरवी साडी घ्यावी म्हनतोय,” ते माईकमध्ये म्हणाले. “वाकळंसाठी न्हवं. नेसायला. घेशीला?”

“रेकॉर्डिंग चालू हाय,” मी कुजबुजले.

“ठावं हाय. म्हणून तर आत्ता इचारलं.”

दारात बाळाबाई वाटी घेऊन उभी राहिलेली मला दिसली. दिसू दे. माझी मान खाली गेली, पायाचा अंगठा फरशीवर रेघ ओढायला लागला, तो थांबेना. मी हळूच म्हणाले, “व्हय.”

दीप्ती स्क्रीनकडं बघत होती. “आत्ती,” ती म्हणाली, “तुमचा आवाज लई बारीक आला. परत म्हणा की.”

मी माईक जवळ ओढला आणि परत म्हणाले.