पिंजऱ्यातलं सूप

जुन्या कोर्टाचं हॉटेल झालं तेव्हा मालकांनी भिंती रंगवल्या, छत बदललं, पण आरोपीचा पिंजरा होता तिथेच ठेवला. एकट्याने आलेल्या पाहुण्याला जेवायला तिथे बसवायचं, ही त्या घरची रीत. कठड्याच्या आत एक टेबल आणि एक खुर्ची मावते, असं मालकांचं माप होतं.

ती एकटीच आली होती. पहिल्या संध्याकाळी पिंजऱ्यात बसून तिने भोपळ्याच्या सुपाचा एक चमचा घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"काका, आचाऱ्यांना जरा बोलावता?"

वाढणारे काका पूर्वी याच कोर्टात पट्टेवाले होते. सवय कुठली जायला! "आचारी हाजिर होऽऽ!"

आचारी हजर झाला. कानाला पीठ, हातात पळी.

"सूप खारट आहे."

त्याने तिचाच चमचा उचलला, चव घेतली. "आहे खरं. हात घसरला... माफ करा."

"तो माझा चमचा होता."

"अरेच्चा — दुसरा आणतो."

"राहू द्या," ती म्हणाली. का म्हणाली, हे जेवण संपेपर्यंत तिला उमगलं नाही.

ती हॉटेलांना दर्जा देणाऱ्या मंडळाची तपासनीस होती. ओळख न देता तीन दिवस राहायचं, गाद्या दाबायच्या, नळ सोडून बघायचे आणि खरं ते लिहायचं. नऊ वर्षांत तिने एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. तपासनीस येणार याची कुणकुण हॉटेलला होती आणि मालकांनी माणूसही हेरला होता. न्यायाधीशांच्या जागेवर बसवलेले ते गृहस्थ प्रत्येक घास नाकाशी धरून न्याहाळत. ते बटणांचे व्यापारी होते आणि त्यांना लांबचं दिसत नसे.

दुसऱ्या संध्याकाळी सूप आणखी खारट. पुन्हा आरोळी, पुन्हा आचारी.

"आज काय घसरलं?"

"आज... लक्ष." त्याने न्यायाधीशांच्या जागेकडे मान वळवली. "ते तपासनीस आहेत. दर्जा नाही मिळाला तर मालक स्वयंपाकघर बंद करणार. मग पाहुण्यांना नुसता चहा आणि पाव."

"आणि तुम्ही?"

"मी कुठेतरी दुसरीकडे, दुसऱ्या कोणाचं तरी सूप बिघडवीन."

ती हसली. तपासनिसाने हसू नये असा नियम नव्हता. असायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी सूप तोंडात धरवेना. तिकडे व्यापाऱ्यांनी तिसरी वाटी मागवली होती.

"काका, त्यांच्या पातेल्यातलं चमचाभर आणा ना."

काकांनी आणलं. मीठ बेताचं, चव अशी की डोळे मिटावेत. आचारी न बोलावताच येऊन कठड्यापाशी उभा राहिला.

"माझ्याच वाटीत मीठ जास्त का?"

तो पळीकडे बघत राहिला. "पहिल्या दिवशी चुकून पडलं. नंतर — सूप चांगलं झालं असतं तर तुम्ही मला बोलावलं असतं का?"

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायची तिला परवानगी नव्हती.

सकाळी ती कोऱ्या अहवालापुढे बसली. खरं लिहावं तर आचाऱ्याची चूल विझते, खोटं लिहावं तर नऊ वर्षं पाण्यात. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. पण इतकं मीठ खाल्लेल्याने नेमकं किती जागावं, हे कोणी सांगत नाही. शेवटी तिने लिहिलं: 'सूप खारट. फक्त तपासनिसाचे. कारण तपासनीसच. सबब दुसरा माणूस पाठवावा.'

मंडळात महिनाभर तिची यथेच्छ टिंगल झाली. दुसरा माणूस गेला, दोन वाट्या सूप प्यायला, दर्जा देऊन आला.

त्यानंतरच्या रविवारी ती पुन्हा पिंजऱ्यात बसली. सूप उत्तम होतं. काकांनी न सांगताच आरोळी ठोकली.

आचारी धावतच आला. "आज तर मीठ बरोबर आहे! तुम्ही येणार हे मला ठाऊकच नव्हतं."

"तक्रार नाहीये. एक सांगायचं होतं. ते गृहस्थ बटणं विकतात. तपासनीस मी होते."

त्याने कठडा धरला. "म्हणजे ते मीठ मी..."

"तपासनिसाला घातलंत. तीन दिवस."

"बसायला काही आहे का?" तो क्षीण आवाजात म्हणाला.

"बसा ना. आणि यापुढे मीठ वाया घालवू नका... मी तशीही बोलावीन."

काकांनी दुसरी खुर्ची आणून कठड्याच्या आत रेटली. मालकांचं माप चुकलं होतं. खुर्च्या दोन मावल्या. गुडघ्याला गुडघा लागत होता खरा, पण त्याबद्दल दोघांपैकी कोणीच तक्रार केली नाही.