राखी सुरय, जिवंत एक

देवगडच्या सागरी प्रयोगशाळेत डॉ. शर्वाणी तांडेल त्या सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन आली. निकाल लागायच्या आधी पेढे आणू नयेत, हे तिला आईने शंभरदा सांगितलं होतं. पण ऐकेल ती शर्वाणी कसली!

भिंतीवरच्या पडद्यावर काळखडप दिसत होता. भर समुद्रातला हा बोडका खडक नव्या बंदरासाठी सुरुंग लावून उडवायचा होता. त्यावर एक राखाडी मादी अंड्यावर बसली होती आणि नर तिच्यासाठी मासळी आणत होता. पाहणाऱ्याला दोघंही सुरयच वाटावेत, किनाऱ्यावर थव्यांनी उडणारे साधे समुद्रपक्षी. पण मादीची प्रजातीच निराळी आहे, हे सिद्ध करण्यात शर्वाणीने उमेदीची वर्षं घातली होती. कायदाच तसा होता. प्रजातीला नाव मिळालं, तरच तिच्या खडकाला अभय.

वर्गीकरण आयोगावर असलेले तिचे गुरू, बोडस सर, खिडकीपाशी बसले होते.

"जिंकलीस तू. 'राखी सुरय' हे नाव मंजूर झालं," ते म्हणाले. पेढ्याला मात्र त्यांनी हात लावला नाही.

"मग चेहरा का असा पडलाय, सर?"

"जनुकांतर म्हणजे काय गं?"

"परीक्षा घेताय? दोन पक्ष्यांच्या जनुकांमधला फरक. दीड टक्क्यापुढे गेला की प्रजाती वेगळी."

"पूर्वी ही रेघ दोनवर होती. तू आयोगाशी भांडभांड भांडून ती खाली ओढलीस, कारण मादीचं अंतर भरत होतं पावणेदोन. कुणापासून?"

"साध्या सुरयापासून."

"घरट्यातल्या विष्ठेवरून नराचीही तपासणी झाली. तो साधा सुरय आहे, शर्वाणी. हिच्या प्रजातीचा दुसरा पक्षी कुठेच नाही."

पुढचं तिला कुणी सांगायला नको होतं, तरी सर बोलत राहिले. "अंडं संकराचं. ते ना हिच्या प्रजातीत, ना त्याच्या. शुद्ध संतती नसेल तर प्रजाती संपली असं धरतात आणि संपलेल्या प्रजातीसाठी खडक राखत नाहीत."

"मी नाव मागे घेते! रेघ परत दोनवर न्या!"

"मग अंडं शुद्ध ठरेल, पण ती साध्या सुरयाची मादी होईल. साध्या सुरयांना खडक काय, पुष्कळ आहेत."

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. दोष तरी कुणाला द्यायचा? रेघ तिनेच ओढली होती. शर्वाणी घरचं माणूस गेल्यासारखी हमसून हमसून रडली.

पडद्यावर हालचाल झाली. अंड्याला तडा गेला, ओलं पिल्लू धडपडत बाहेर आलं. नराने आणलेला मासा मादीने पिल्लाला भरवला.

पडद्याच्या कोपऱ्यात, प्रजातीनुसार पक्षी मोजणाऱ्या वर्गकयंत्राचा आकडा झळकत होता. राखी सुरय, जिवंत: एक. शर्वाणी डोळे पुसून त्याच्याकडे बघत राहिली. पिल्लू चोच उघडून ओरडत होतं, आणि आकडा एकच राहिला.