एरंडोलनंतर न पडणारा गिअर

“माझ्या ड्रायव्हरने मला रेल्वेखाली घालायचा बेत केला होता!” खुर्चीत बसण्याआधीच रतिलाल शेठ म्हणाले.

हिलाल आबांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. आबा एसटीच्या आगारात फोरमन होते. निवृत्तीनंतर जळगावात खाजगी तपासाची कामं घेत. त्यांची मदतनीस मंदा, भौतिकशास्त्रातली बी.एस्सी., हिने वही उघडली. एक्क्याण्णवचा मे महिना भट्टीसारखा तापला होता.

“काल दुपारी धुळ्याहून येत होतो,” शेठ सांगू लागले. “गावाबाहेरच्या फाटकात पुढे बैलगाडी अडली आणि आमची मारुती नेमकी रुळांवर थांबली. पहिला गिअर पडेना, नुसती करकर. गेटमन शिट्ट्या मारतोय, मागच्या सीटवर माझी मुलगी!”

“मग?”

“ड्रायव्हरने, चिंधाने, इंजिनच बंद केलं. गिअर टाकला, चावी फिरवली. गाडी धक्के खात पलीकडे गेली. आता सांगा, औषध याला ठाऊक, म्हणजे रोग लावणाराही हाच की नाही?” शेठनी खिशातून घडीचा कागद काढला. “तक्रार लिहून आणलीय. संध्याकाळी पोलिसात. त्याचं लायसन्स गेलं पाहिजे.”

“गाडी दुसरं कुणी चालवतं?”

“रविवारी मीच गेलो होतो. भर दुपारी धुळ्याहून परत आलो. गिअर कसे लोण्यासारखे!”

*

गाडी पुना मिस्त्रीच्या गॅरेजात होती. पुना तापलेलाच होता.

“दोनदा गिअरबॉक्स उतरवला, आबा. दात शाबूत, प्लेट शाबूत. शेठ म्हणतात, मी मुद्दाम कामं काढतो. आता ही बया इथं आली की शहाण्यासारखी वागते, त्याला मी काय करू?”

“गाडी आली की आधी काय करतोस?”

“झाडतो. पायपुसणं, गोणपाट, धूळ, सगळं बाहेर. घाणीत मी बसत नाही.”

आबा आत बसले. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले. मग चालू करून पुन्हा. शेवटी रिव्हर्स टाकला, तो डोळे मिटून. गिअरच्या मुठीवर त्यांची बोटं इतकी हलकी होती, की नाडी बघताहेत असं मंदाला वाटलं.

“क्लच फार खाली सुटतो रे.”

“पेडल तळाला टेकलं की सुटतो. केबल जरा ढिलीच ठेवलीय, प्लेट घासू नये म्हणून.”

मंदाने वहीतली नोंद दाखवली. शेठनी सांगितलेले सातही प्रसंग दुपारचे होते, परतीच्या वाटेवर एरंडोल सोडल्यानंतरचे. “आबा, उष्णतेने धातू प्रसरण पावतो. दुपारी केबल लांबत असेल.”

“आणि रविवारी ऊन सुट्टीवर होतं?”

मंदाने वही मिटली.

*

दुपारी चिंधा त्यांना एरंडोलला घेऊन निघाला. वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. त्याने चपला बाहेर काढून सीटखाली सारल्या. सोबत निघालेले शेठ बुटांसकट पुढे बसले.

“अनवाणी चालवतोस?” आबांनी विचारलं.

“नवी गाडी लक्ष्मी शे, आबा. चपला घालीसन कसा चढू?”

वाटेत एकही गिअर कुरकुरला नाही.

एरंडोलला चिंधाचं घर रस्त्यालगत होतं. शेठ समोरच्या हॉटेलात चहाला गेले. हा रोजचाच शिरस्ता. चिंधाची बायको कमलबाई पाणी देऊन बादली घेऊन बाहेर गेली. दारापासून गाडीपर्यंत थेंबांची रेघ उमटली. रेडिएटरला पाणी घालत असेल, मंदाला वाटलं.

शेठ परतले. चिंधाने इंजिन चालू केलं, रिव्हर्स टाकला.

कर्रर्र!

“ऐकलंत?” शेठ ओरडले.

“ऐकलं. चिंधा, उतर. आता कुणी कशाला हात लावू नका.”

सगळे आंब्याच्या सावलीत उभे राहिले.

“फाटकात इंजिन बंद केल्यावर गिअर पडला,” आबा म्हणाले. “म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष. पुना खरं बोलला. इंजिन फिरत असताना त्याला गिअरबॉक्सपासून तोडायचं काम क्लचचं. तो अर्धवट तोडत होता. का? तर पेडल तळापर्यंत जात नव्हतं. पण गॅरेजात जात होतं, कारण पुना आधी झाडून घेतो. रविवारी शेठच्या पायाखालीही जात होतं, कारण त्या दिवशी चिंधा नव्हता. मग चिंधा असताना, एरंडोलनंतर, पेडलखाली येतं काय?”

आबांनी गाडीपाशी जाऊन, वाकून चिंधाच्या पायाच्या जागेवरून एक ओलं, चौपदरी गोणपाट उचललं.

मंदा त्या गोणपाटाकडे बघतच राहिली. थेंबांची रेघ तिनेही पाहिली होती.

कमलबाईचा चेहरा उतरला. “त्यासना पाय भाजतस, आबा. जळगावले पोचनात का ते काढीसन मागे टाकतस. ट्रकमा बी वीस वरीस मीच टाकी दियू. ट्रकले कधी काही व्हयनं नही.”

“ट्रकचं पेडल वीतभर खाली जातं, बाई. याच्यात दोन बोटांचा हिशेब. आणि चिंधाला वीस वर्षांत ते गोणपाट आपल्या पायासारखंच झालं. चालताना पाय आहे हे कुणाला जाणवतं?” आबा शेठकडे वळले. “ज्याला तुम्हाला मारायचं असतं, त्याने इंजिन बंद करून गाडी पुढे काढली नसती. दार उघडून उडी मारली असती.”

शेठनी खिशातून तो तक्रारीचा कागद काढला.

कमलबाईने घरातून विळी आणली आणि गोणपाट कापलं. टाचेपुरता तुकडा ठेवला, पेडलखालची जागा मोकळी सोडली. चिंधा बसला. त्याने क्लच तळापर्यंत दाबला, रिव्हर्स टाकला.

काहीच ऐकू आलं नाही. नुसतं इंजिन संथ घुमत राहिलं. इतकी सुंदर शांतता मंदाने कुठल्याच प्रयोगशाळेत ऐकली नव्हती.

शेठनी कागद कमलबाईच्या चुलीत टाकला. मग गाडीच्या दाराशी थांबले, वाकले, बूट काढून हातात घेतले आणि आत पाय ठेवला.

“अरे बापरे!” त्यांनी पाय झटकन वर ओढला. “चिंधा, तू रोज यावर पाय ठेवून चालवतोस?”

“लक्ष्मी शे ना, शेठ.”

शेठ कमलबाईकडे वळले. “अक्का, त्या गोणपाटाचा एक तुकडा मलाही द्या.”