रिकाम्या गाडीचं वजन

लायनीत करंट यायला अजून दोन तास आहेत. तोवर झोपू नका, आणि मघाशी वाळूच्या पोत्यांवर जो विनोद झाला तोही परत करू नका. करणाऱ्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, आम्हीही करायचो. नवीन मार्ग सुरू व्हायच्या आधी मेट्रोच्या गाडीत माणसांऐवजी पोती बसवतात, सीटवर एकेक, माणसाच्या वजनाचं, आणि गाडी रात्रभर पळवून बघतात. आमचे हमाल त्यांना पाहुणे म्हणायचे. हे दारात गर्दी करत नाहीत, गाडी लेट का म्हणून विचारत नाहीत, असले प्रवासी शोधून सापडायचे नाहीत, असं म्हणून आम्ही पोट धरून हसायचो. मग एक रात्र अशी आली की हसणं आपोआप बंद झालं. ज्याच्यावर ती रात्र आली तो माझ्यासमोर बसून डबा खायचा, तेव्हा ही ऐकीव गोष्ट समजू नका.

त्याला आम्ही मिनिटराव म्हणायचो. आधी अठरा वर्षं शहराच्या बसवर ड्रायव्हर होता. बस दोन मिनिटं उशिरा पोचली तर त्याला घास गोड लागायचा नाही. कुणी चेष्टा केली की म्हणायचा, अरे, थांब्यावर उभ्या माणसाला दोन मिनिटं म्हणजे किती, ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, तिच्या किडन्या गेल्या त्याच वर्षी या मार्गाची पहिली रेघ नकाशावर पडली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सोमवार, बुधवार, शनिवार. दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलायच्या आणि वर दहा मिनिटं चालायचं. पहिल्या नकाशात दवाखान्याच्या दारातच स्टेशन होतं. वहिनीनं पेपरातला तो नकाशा कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पुढं बाजारवाल्यांनी आरडाओरडा केला, आणि रेघ बाजाराला वळसा घालून नदीकडं गेली. दवाखाना सुटला. दीड वर्षानं नदीकाठची जमीन पोकळ निघाली, रेघ परत आली. मग दवाखान्याच्या झाडांवरून तंटा, परत रेघ बाजूला. अशी नऊ वर्षं गेली. वहिनीनं विचारायचं, रेघ कुठवर आली? यानं कपाट उघडून पेन्सिलीनं जुनी खोडायची, नवी काढायची. बस सोडून मिनिटराव या गाडीवर आला तोही त्याच पायी. आपण स्वतः तिला दवाखान्याच्या दारात उतरवायचं, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. वहिनी मोठी चेष्टेखोर. म्हणायची, "बघू या, तुमची गाडी आधी पोचते की मी."

डायलिसिसवाल्या घरात एक गोष्ट कुणी विसरत नाही. वजन. मशीनवर घ्यायच्या आधी काट्यावर उभं करतात, उतरल्यावर परत उभं करतात. अंगात साठलेलं पाणी चार तासांत काढलं जातं आणि माणूस तेवढा हलका होऊन घरी येतो. वहिनी जायची साडेत्रेचाळीस किलोची, यायची एकेचाळीसची. मिनिटरावाला हे आकडे वेळापत्रकासारखे पाठ होते.

मार्ग एकदाचा ठरला आणि रस्त्याला पत्रे लागले. घर आणि दवाखाना यांच्यामध्ये एक कोपरा आहे, तिथं एका शनिवारी गर्डर चढवायचा म्हणून रस्ता बंद ठेवला. मिनिटराव ट्रेनिंगहून दमून आला होता. तो म्हणाला, "एका दिवसानं काय होतंय? सोमवारी जाऊ." वहिनी बरं म्हणाली. सोमवारी याची परीक्षा, म्हणून ती एकटीच टॅक्सीनं निघाली. गर्डरचं काम लांबलं होतं. कोपऱ्यावर, पत्र्यांच्या कडेला, टॅक्सी दीड तास अडकून पडली. टॅक्सीवाल्याला वाटलं, बाईंचा डोळा लागलाय.

मिनिटराव परीक्षेत पहिला आला. वहिनीचं दिवसकार्य उरकून पंधरा दिवसांनी कामावर हजर झाला. रडला नाही, भांडला नाही, कुणाला दोष दिला नाही. डबा उघडायचा, खायचा, झाकण लावायचा. काय खाल्लं विचारलं तर सांगता यायचं नाही. रात्रपाळ्या मागून घ्यायचा. मला एकदाच म्हणाला, "मला झोप येत नाही असं नाही. मला काहीच येत नाही."

पुढच्या वर्षीची गोष्ट. सतरा नोव्हेंबर, सोमवारची रात्र. बारा पन्नासला पोती भरलेली गाडी डेपोतून निघाली. केबिनमध्ये मिनिटराव, आणि केबिनला लागून पहिल्या डब्यात वजनवाली मॅडम, लॅपटॉप घेऊन. नवीनच इंजिनिअर झालेली पोर, ड्रायव्हरला काका म्हणणारी. दुसऱ्या डब्याखाली तिनं बारीक काटा बसवला होता, अर्ध्या किलोचा फरकही दाखवणारा. पोती चढल्यावर तिनं आकडा शून्यावर आणून ठेवला. म्हणजे पोत्यांच्या वर काही चढलं तर तेवढंच दिसणार. गाडीत जिवंत माणसं ही दोनच.

प्रत्येक स्टेशनात तीस सेकंद दारं उघडायची, मिटायची, पुढं जायचं. फक्त दवाखान्याच्या स्टेशनात थांबायचं नव्हतं. ते सगळ्यात शेवटी बांधायला घेतलेलं, ना फरशी ना दिवे, बांधकामाची परांचीसुद्धा उतरवली नव्हती. तिथून हळू निघून जायचं, असा लेखी हुकूम होता.

एक वाजून दोन मिनिटांनी गाडी कोपऱ्याच्या स्टेशनात लागली. खाली तोच रस्ता. पत्रे केव्हाच निघाले होते. मिनिटरावानं दारं उघडली, तीस सेकंद मोजले, बटण दाबलं. दुसऱ्या डब्याचं एक दार मिटता मिटता अडलं आणि परत उघडलं. मध्ये काही आलं की दार असंच करतं. कुणी सावकाश चढत असलं की करतं.

मग दार मिटलं.

गाडी हलली तशी मॅडम म्हणाली, दुसऱ्या डब्यात वजन वाढलेलं दिसतंय. केबल सरकली असेल, असंही तीच म्हणाली.

"किती?" मिनिटरावानं विचारलं.

"साडेशेहेचाळीस किलो."

त्याला आधी काहीच वाटलं नाही. असं कुणाचं वजन त्याच्या ओळखीचं नव्हतं. मग डोकं आपसूक हिशेब करायला लागलं. बुधवारी मशीन झालं. शनिवार चुकला. सोमवारपर्यंत पाच दिवसांचं पाणी... एकेचाळीसवर साडेपाच.

त्याच्या पाठीमागं काचेचं दार होतं, त्यातून थेट दुसऱ्या डब्यापर्यंत दिसतं. मागं बघायचं नाही असं त्यानं ठरवलं नव्हतं. मान वळलीच नाही, एवढंच.

पुढचं स्टेशन गेलं. कुणी उतरलं नाही. आकडा तसाच.

मग दवाखाना आला.

काळोख. नुसत्या खांबांच्या रांगा. हुकूम खिशात. मिनिटरावाचा हात लिव्हरवर होता, आणि तो हात मागं आला. गाडी थांबली. त्यानं दारं उघडली.

कंट्रोलरूममधून विचारणा झाली, का थांबलात? दारं तपासतोय, म्हणाला. अठरा अधिक दोन वर्षांच्या नोकरीत तो पहिल्यांदा खोटं बोलला.

तीस सेकंद... कसला आवाज नाही. पाऊल नाही. वारासुद्धा नाही.

"काका..." मॅडमचा आवाज बारीक झाला होता. "शून्य झालं."

मिनिटरावानं घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं.

शेवटच्या स्टेशनात मॅडम टॉर्च घेऊन दुसऱ्या डब्यात जाऊन आली. पोती जागच्या जागी, केबल घट्ट. काटा बंद करून चालू केला, शून्य. गाडी परत फिरली, पुन्हा आली, पुन्हा फिरली. कोपऱ्यावर दर खेपेला दारं उघडली, मिटली. काही नाही. दोन वाजले, तीन वाजले. मॅडमनं त्याला थर्मासमधला चहा दिला, तो त्यानं हातात धरला आणि गार झाल्यावर परत दिला.

शेवटची खेप पाचला दहा कमी असताना दवाखान्याकडच्या टोकाहून सुटायची. सिग्नल मिळाला. मिनिटराव बसून राहिला. दोन मिनिटं गेली, पाच गेली. कंट्रोलरूमनं दोनदा विचारलं. थांबतो, एवढंच तो म्हणाला. मॅडमनं केबिनच्या दारात येऊन विचारलं, गाडीत काही बिघाड आहे का?

"नाही," तो म्हणाला. "चार तास लागतात."

ती परत जागेवर जाऊन बसली.

चौदा मिनिटं उशिरा गाडी निघाली. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात लेट गाडी. पाच वाजून दहा मिनिटांनी ती दवाखान्याच्या स्टेशनात उभी राहिली. दारं उघडली.

तीस सेकंद झाले. शून्य.

साठ झाले.

कंट्रोलवाला आता ओरडत होता. इथं थांबायला मनाई आहे, कशासाठी थांबलात, सांगा.

"प्रवासी यायचाय," मिनिटराव म्हणाला.

मॅडमनं लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला. तिला तो मांडीवर नको होता.

दीड मिनिट...

दोन...

त्यानं दारं मिटायला घेतली. एक दार अडलं. उघडलं. थांबलं. आणि अगदी हळू मिटलं.

शेवटी त्यानंच विचारलं, "किती?"

"एकेचाळीस." तिनं खाली वाकून आकडा पुन्हा वाचला आणि म्हणाली, "बरोबर एकेचाळीस, काका."

गाडी त्यानं कशी नेली, ते मॅडमच्या नोंदीत आहे. वळणावर वेग अर्धा, ब्रेक इतका हलका की एकही पोतं हललं नाही. त्याच्या बसमध्ये वहिनी असली की तो अशीच बस चालवायचा. मशीनवरून उतरलेल्या माणसाला धक्का सोसत नाही. कोपऱ्याच्या स्टेशनात दारं उघडली तेव्हा त्याला भीती वाटली. सगळ्या रात्रीत तेवढीच एकदा. पण आकडा जागचा हलला नाही. कोपरा मागं पडला.

पाच वाजून तीस मिनिटांनी त्याच्या घराजवळचं स्टेशन आलं. गाडीतल्या घोषणेचा माईक त्याच्या तोंडासमोर होता. त्यानं बटण दाबलं. शनिवारचं ते वाक्य त्याला परत घ्यायचं होतं. माफी मागायची होती. आठ डब्यांमध्ये नुसती खरखर ऐकू आली. मग बटण सोडलं आणि दारं उघडली.

शून्य.

पुढं त्याची चौकशी झाली. विनापरवाना थांबा, तोही दोनदा, वर चौदा मिनिटांचा उशीर. सहा महिने गाडी काढून घेतली आणि त्याला शेडमध्ये बसवलं. काटा बिघडला होता असं कागदावर लिहिलं गेलं, मॅडमनं त्यावर सही केली नाही. काट्याची तपासणी झाली, त्यात काही दोष निघाला नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या पहाटे पावणेसहाला गाडी शेडमध्ये आली तेव्हा पोती उतरवायला हमाल आणि दारं बघायला मी, असे आम्ही उभे होतो. मिनिटराव केबिनमधून उतरला आणि थेट दुसऱ्या डब्यात चढला. त्याच्या मागोमाग मी. केबलच्या पेटीसाठी दाराजवळची एक सीट मोकळी ठेवली होती. पेटी खाली जमिनीवर होती. सीटवर दोन कापसाच्या घड्या पडल्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या, चिकटपट्टीसकट. डायलिसिसच्या दोन सुया काढल्यावर त्या जागी दाबून धरतात तशा. कोऱ्या गाडीतली कोरी सीट, तिच्यावर तोवर माणूस बसलेला नव्हता.

मिनिटराव गुडघ्यावर बसला. दोन्ही घड्यांवर त्यानं अंगठे ठेवले आणि दाबून धरले. दहा मिनिटं तसंच दाबून ठेवावं लागतं, तो मला म्हणाला, नाहीतर थांबत नाही. हमाल दारात आले आणि परत गेले. दहा मिनिटं झाल्यावर त्यानं अंगठे उचलले, घड्या माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, तूच बघ.

मधोमध एकेक लाल ठिपका होता. मी बोट लावलं. ओलं होतं, आणि कोमट.