कुहूने दाखवलेला नेपच्यून

मिरवण्यासारखं काम मिळालं की भल्याभल्यांचे पाय जमिनीवर राहत नाहीत, आणि कुहू तर जेमतेम बारा वर्षांची! २०६१च्या जानेवारीतली संध्याकाळ, दापोलीच्या टेकडीवर आकाशदर्शन, आणि नेपच्यूनची दुर्बीण तिच्या ताब्यात. "या, बघा, सूर्यमालेतला शेवटचा ग्रह! त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला चार तास लागतात बरं का!" असं सांगत तिने साठ जणांना एक ठिपका दाखवला. थकलेल्या बर्वेआजी तर काठी टेकत टेकडी चढून आल्या होत्या. "धन्य झाले गो," म्हणत त्यांनी तिच्यावरून कडाकडा बोटं मोडली आणि बाकावर जाऊन बसल्या.

तेवढ्यात शाळेचा यंत्रमानव गणू जवळ आला. "कुहू, एक कोडं. तारासुद्धा ठिपका, ग्रहसुद्धा ठिपका. मग हा ग्रहच, हे कशावरून?"

"दुर्बिणीत दोन ठिपके दिसतात, त्यातला नकाशात उजवीकडचा नेपच्यून आहे म्हणून!"

"नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग) बदल. जास्त मोठं दाखवणारी लाव. तारे इतके लांब असतात की कितीही मोठं करून पाहा, ठिपका तो ठिपकाच. नेपच्यून त्यामानाने आपल्या अंगणातला. त्याची इवलीशी निळसर चकती दिसायला हवी."

कुहूने नेत्रिका बदलली. ठिपका ठिपकाच राहिला.

"दुर्बिणीत किरण एकमेकांना ओलांडून येतात," गणू म्हणाला. "म्हणून डावं उजवीकडे दिसतं आणि वरचं खाली. नकाशा उलटा धर बघू." कुहूने तो उलटा धरला आणि तिला कळलं, आपण भलताच ठिपका दाखवला.

सकाळी तो हेच शिकवत होता, तेव्हा "माहितेय रे सगळं!" म्हणून ही बाई निघून गेली होती. आता तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की कान तापले. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण बाकावर बर्वेआजी शेजारणीला सांगत होत्या, "मी नेपच्यून पाहिला हो!" ते ऐकून कुहूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला. "थांबा, जाऊ नका. मी चुकले. मी तुम्हाला दाखवला तो साधा तारा होता. मला नीट येत नव्हतं आणि मी विचारलं नाही." कुणीतरी "हात्तिच्या!" म्हणालं, चारजण हसले. कुहूचे डोळे भरून आले, पण तिने मान खाली घातली नाही.

बर्वेआजी पुन्हा दुर्बिणीपाशी आल्या. "आता दाखवशील तो तरी खरा कशावरून गो?"

या प्रश्नाने कुहू पुन्हा ओशाळली. मग तिने ठिपक्याची आणि चकतीची खूण आजींना समजावली, नवी नेत्रिका तशीच ठेवली आणि मघाचा तारा आणि नेपच्यून दोन्ही एकाच वेळी दिसतील अशी दुर्बीण लावली. "आजी, मी नाही सांगणार. तुम्हीच ओळखा."

आजी बराच वेळ डोळा लावून उभ्या राहिल्या.

"अगो, डावीकडचा! हा नुसता ठिपका नव्हे, ह्याला कड आहे. निळा आहे गो!"

मागचा मुलगा पुढे सरसावला. "ताई, मलाही सांगू नकोस हं. मीच शोधतो."