जीपखालचे तीन ठोके

दार लोटून घ्या रे जरा, वारा आत येतोय. आणि तू, तो मोबाईल उपडा ठेव. मध्येच उजेड पडला की माझा धागा तुटतो. एक आधीच सांगतो, मधेमधे 'खरं का हो काका' असं कुणी विचारायचं नाही. ज्याच्या घरात हे झालं त्याच्या भिंतीला आमची भिंत लागून आहे, वीस वर्षं झाली. त्याने जे सांगितलं ते सांगतो, आणि थोडं मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. पटलं तर ठेवा, नाही तर पांघरूण घेऊन झोपा.

मागच्या वर्षीची गोष्ट. थंडी नुकती पडायला लागली होती. शनिवार होता. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, उगाच डोळे मोठे करू नका. चांगलं टिपूर चांदणं पडायचं होतं त्या रात्री. संध्याकाळी साडेसहाला टर्नर सायकल काढून दोन बोल्ट आणायला गेला.

टर्नर म्हणजे आमचा शेजारी. तीस वर्षं कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काढली आणि तेव्हा नुकताच निवृत्त झाला होता. हाताला कसब भारी, पण हट्टी. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. डावा कान कारखान्यानेच ठेवून घेतला होता, उजव्यानेही अर्धंमुर्धंच ऐकू यायचं. त्याच्याशी गप्पा मारून घरी आलो की माझाच घसा बसायचा.

निवृत्त झाल्यावर लोक काय करतात, सकाळी फिरायला जातात, नातवंडं खेळवतात. ह्याने भंगारातून एक जुनी जीप उचलून आणली. एकेकाळी चारही चाकांच्या जोरावर डोंगर चढणारी. आता पत्रा कुजलेला, इंजिन जाम, आणि सीटमध्ये उंदरांची बाळंतपणं. आम्ही तिला म्हातारीच म्हणायचो. वहिनी, म्हणजे टर्नरची बायको, पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, घरात एक म्हातारं माणूस पुरे नव्हतं का?" आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याच वहिनी तारेचा ब्रश घेऊन गंज खरवडत बसलेल्या.

दोघांचं ठरलं होतं. गाडी उंच करायची, मोठी चाकं लावायची, मागे दोघांची पथारी पडेल एवढी जागा करायची, आणि रस्ता जिथे संपतो तिथून पुढे जायचं. ह्याच्या पाळ्यांमुळे उभ्या आयुष्यात कधी दोघांना मिळून चार दिवस कुठे जाता आलं नव्हतं. वर्षभर दोघं त्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राबत होते. रविवारी पहाटे निघायचं पक्कं झालं होतं. पांघरुणं, डबे, स्टोव्ह, सगळं बांधून दारात ठेवलेलं. मागच्या पाट्यांचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांचे, दोन बोल्ट तेवढे बसायचे होते.

आता त्यांची काम करायची पद्धत ऐका, नाही तर पुढचं कळणार नाही. गाडीखाली जायच्या त्या वहिनी. अंगाने बारीक, ह्याचा पंजा जिथे शिरत नाही तिथे त्यांचा हात सहज जायचा. हा बाहेर, जॅकपाशी. पण खालून हाक मारली तर ह्याला ऐकू येणार कुठे? म्हणून दोघांनी ठोके ठरवले होते. पान्याने चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, एक ठोका म्हणजे थांबा. दोन म्हणजे थोडं खाली घ्या. तीन म्हणजे मी बाहेर आले, आता सोडा. हा जॅकच्या दांड्यावर तळहात ठेवून बसायचा, ठोका लोखंडातून सरळ त्याच्या हातात यायचा. मला मोठ्या ऐटीत सांगायचा, "कानाला फसवता येतं. ह्या हाताला कोण फसवणार?"

आणि ह्या शहाण्याने एक गोष्ट बायकोपासून लपवून ठेवली.

त्या आठवड्यात चासीच्या खालचं जुनं डांबर खरवडताना त्याला खोचा दिसल्या होत्या. माणूस गाडीखाली उताणा पडला की हात जिथे पोहोचतो ना, बरोबर तिथे. वीतभर जागेत शंभरएक तरी. दगड उडून लागले म्हणावं, तर दगड काय एकाच जागी लागतात? एकाच पान्याच्या टोकाच्या होत्या सगळ्या. काही खोल. मग उथळ. मग नुसते ओरखडे. कुणीतरी खाली पडल्यापडल्या ठोकत राहिलं होतं, हात गळेपर्यंत. टर्नरने त्यांत पुट्टी भरली आणि वरून काळा रंग मारला.

गुरुवारी रात्री वहिनी स्वयंपाकघरात होत्या. खिडकीतून ह्याला त्या दिसत होत्या, पोळपाट धूत होत्या. हा एकटाच शेडमध्ये, जॅकच्या दांड्यावर हात ठेवून चहा पीत बसलेला. हाताला ठोके लागले. तीन. हा वाकला, बॅटरी मारली, गाडीखाली कुणी नव्हतं. शुक्रवारी रात्री पुन्हा तीन.

बायकोला सांगायला नको होतं का? पण सांगितलं असतं तर ती पुन्हा गाडीखाली गेली नसती, आणि रविवार बोंबलला असता. लोखंड थंडीने आक्रसतं, वाजतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि गप्प बसला. मित्र आहे माझा, पण तेवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

तर शनिवारी बोल्ट आले, ते निघाले जाड. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्याने ते स्वतः लेथवर कातून बारीक केले. घरी यायला साडेनऊ वाजले. जेवणं झाली. पावणेअकराला दोघं शेडमध्ये आले.

मागची दोन्ही चाकं काढलेली होती. गाडीचा मागचा भाग जॅकवर, आणि जॅकने दगा दिला तर गाडी पडू नये म्हणून दोन बाजूंना लोखंडी घोड्या लावलेल्या. पहिला बोल्ट निमूट बसला. दुसऱ्याचं भोक काही केल्या जुळेना. गाडी दोन बोटं खाली यायला हवी होती, आणि घोड्या तिला खाली येऊ देत नव्हत्या.

"घोड्या काढतो," टर्नर म्हणाला.

"मग चाक तरी सरकवा खाली," वहिनी म्हणाल्या. काढलेलं चाक गाडीखाली आडवं टाकून ठेवायचं, म्हणजे गाडी पडली तरी चाकावर पडते. हा त्यांचाच नियम होता. पण चाकं होती बाहेर, नळापाशी, धुऊन वाळत ठेवलेली.

"दोन मिनिटांचं काम आहे गं. हात सांभाळ म्हणजे झालं."

"तुमची दोन मिनिटं म्हणजे किती, ते मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. पदर खोचला आणि पाय पुढे करून गाडीखाली सरकल्या.

दोन ठोके आले. टर्नरने जॅकचा दाब सोडायची किल्ली केसभर फिरवली. गाडी सूतभर खाली आली. एक ठोका. तो थांबला. पुन्हा दोन. पुन्हा सूतभर. एक. थांबला.

मग बराच वेळ काही नाही.

तो बसून राहिला. हात दांड्यावर. शेडमध्ये एकच दिवा. बाहेर चांदणं.

मग तीन ठोके आले. सावकाश. एकेक सुटा.

झालं एकदाचं, तो मनात म्हणाला. आणि त्याने किल्ली पूर्ण सोडली.

वाकून बघितलं नाही. हाताने सांगितलं होतं ना, बघायचं कशाला...

गाडी धाडकन खाली आली. आणि जी किंकाळी फुटली ती त्या बहिऱ्याला दोन्ही कानांनी ऐकू आली.

त्याने किल्ली आवळली. गाडी थांबली, पण वहिनींच्या छातीवर. त्यांचं डोकं ह्याच्या बाजूला होतं. तोंड उघडं. आवाज बंद. फक्त हातातला पाना चालू होता, चासीवर. एक. एक. एक. एक. थांबा. थांबा. थांबा...

त्याने दांडा मारायला सुरुवात केली. गाडी बोटभर उचलली. वहिनींनी श्वास ओढला. गाडी दोन बोटं खाली आली. किल्ली घट्ट होती! त्याने पुन्हा हात लावून बघितली, घट्ट. पुन्हा दांडा मारला. पुन्हा बोटभर वर. पुन्हा खाली. वरून कुणीतरी जोर देत होतं. गाडीत कुणी नव्हतं. आणि मग दांडाच उलटा उसळला, त्याच्या जबड्यावर. दोन दात तिथेच गळाले. तोंडातून रक्त आलं ते दांड्यावर, हात निसटायला लागले.

कोपऱ्यात सुटा गिअरबॉक्स पडला होता. तो ठेवताना आम्हा तिघांना घाम फुटला होता. टर्नरने एकट्याने ओढला. दांडा पोटाखाली दाबून धरला, गाडी बोटभर वर आली, त्या बोटभरात लाथ मारून गिअरबॉक्स खाली सारला. गाडी त्याच्यावर आदळली. तिथेच थांबली.

वहिनींच्या बगलेत हात घालून तो ओढू लागला. छाती मोकळी झाली होती. कंबर मोकळी. तरी त्या हलेनात.

"अगं ये ना... ये ना बाहेर..."

"अहो..." वहिनी म्हणाल्या. आवाज इतका बारीक की त्याने तो ओठांवरून वाचला. "पाय सोड म्हणावं त्याला."

"कुणाला?"

त्या आपल्या डाव्या पायाकडे बघत होत्या. पाय वळत होता. सावकाश. पावलापासून. आपण ओला टॉवेल पिळतो तसा. मग हाड बोललं.

टर्नरने लोखंडी पाइप उचलला. पोटावर पडला. बायकोच्या पायापलीकडच्या अंधारात पाइप घुसवला आणि मारला. चासी खणकली. पुन्हा मारला. पुन्हा खणकली. तिसऱ्यांदा... खणकलं नाही. हाताला मऊ लागलं. त्या हाताला, ज्याला कुणी फसवू शकत नव्हतं.

मग तो थांबलाच नाही. मारत गेला. तोंडातून रक्त, कारखान्यातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या शिव्या. मारत गेला. पाइप वाकला, तरी मारत गेला. खाली कुणी ओरडलं नाही. एकदाही नाही. फक्त दर फटक्याला त्याच्या तोंडावर... श्वास. जुना. धापेचा.

आणि पकड सुटली. दोघं मागच्या मागे फेकले गेले.

किंकाळी ऐकून मी कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारून गेलो तेव्हा दोघं शेडच्या दारात पडले होते. ह्याने त्यांना मिठी मारलेली, आणि लहान पोरासारखा रडत होता. मी माझ्या गाडीत घातलं दोघांना. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

डॉक्टरांनी पायाचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "गाडीखाली आला म्हणता? दाबून असं मोडत नाही. हे पिळून मोडलंय." दोन बरगड्याही गेल्या होत्या. घोट्याला ग्रीसचा काळा वेढा होता. नर्सने साबणाने पाय स्वच्छ धुतला, भांडं मीच धरलं होतं. मग मांडीपर्यंत प्लास्टर चढवलं. टर्नरच्या जबड्याला टाके पडले.

त्याने म्हातारी स्वतःच्या हाताने गॅसकटरने कापली, तुकडे तुकडे करून गोण्यांत भरून पाठवून दिली. वहिनी खिडकीत खुर्ची टाकून बघत बसायच्या. एका संध्याकाळी मी तिथेच होतो. त्यांनी विचारलं, "अहो, तीन ठोके मी दिलेच नव्हते. आधी कधी असं झालं होतं का?"

"नाही," टर्नर म्हणाला. "कधीच नाही."

पंचेचाळीस दिवसांनी प्लास्टर कापायला गेलो, तिघंही. सकाळची वेळ, लख्ख ऊन खिडकीतून आत आलेलं. कापणारा माणूस गप्पिष्ट होता, "आता पळा बघू" वगैरे चाललं होतं त्याचं. त्याने करवत फिरवली, प्लास्टर दोन्ही हातांनी फाकवलं, आतला कापूस उचलला. आणि करवत बाजूला ठेवली. आधी त्याने स्वतःचे हातमोजे बघितले. उलटे केले, सुलटे केले. स्वच्छ पांढरे होते.

"घरी कुणी प्लास्टर उघडलं होतं का हो?" त्याने विचारलं.

पायावर पंजा उमटला होता. काळ्या ग्रीसचा. ओला. त्याने बोट लावलं, तर बोटाला आलं.

वहिनींनी पायाकडे एकदाच बघितलं. मग टर्नरकडे बघत राहिल्या. आणि तो तिथेच, त्या परक्या माणसासमोर, घडाघडा बोलून गेला. खोचा, पुट्टी, गुरुवार, शुक्रवार, सगळं. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "भावजी, मला बहिणीकडे सोडता? मला एकटीलाच."

त्या अजून बहिणीकडेच आहेत. हा शेडच्या दारात बसून असतो, मी रोज जेवणाचा डबा देऊन येतो. शिव्या घालतो आणि डबा देतो.

आता निजा. दिवा राहू दे हवा तर, मी काही हसणार नाही... काय रे? तो पंजा? हो, पुसला ना. स्पिरिटने घासून घासून पुसला, मी समोर उभा होतो. त्या रात्री वेढा घोट्याला होता, हे मी सांगितलं तुम्हाला. प्लास्टर काढलं तेव्हा घोटा कोरा होता. पंजा गुडघ्याच्या वर होता... आणि बोटं वरच्या बाजूला, कमरेकडे.